मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि परत न येणारा रुग्ण

मोतीबिंदूवरील उपचारकार्याचे मोजमाप बहुधा शस्त्रक्रियांच्या संख्येवरून केले जाते. परंतु शस्त्रक्रिया झाली म्हणजे दृष्टी आली, असे नव्हे. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेने असा निकष सुचविला की, निदान ८० टक्के रुग्णांची दृष्टी, असेल त्या चष्म्यासह, ६/१८ वा त्याहून चांगली असावी आणि ६/६० हून कमी दृष्टीचे रुग्ण ५ टक्क्यांच्या आत असावेत. ६/१८ म्हणजे निकोप डोळ्यास १८ मीटरवरून वाचता येणारे अक्षर ६ मीटरवरून वाचता येणे. निकष सोपा आहे. अडचण आहे ती मोजणीची.

दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, आणि तेव्हा रुग्णाने परत यावयास हवे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्याचे उदाहरण घेऊ. या अवर्षणप्रवण तालुक्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी काही महिने बाहेरगावी जातात. अशा वेळी मागे राहिलेल्या वृद्धास दवाखान्यात कोणी न्यावे? शिवाय ज्यास चांगले दिसू लागले त्यास परत येण्याचे कारण उरत नाही. ज्यास काहीच दिसले नाही तो निराशेने येत नाही. सारांश, परत आलेल्यांचा गट हा सर्व रुग्णांचा प्रातिनिधिक नमुना मानता येत नाही. त्यातील दोष कोणत्या दिशेचा, हेही आधी सांगता येत नाही.

या प्रश्नासंबंधी २०१३ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील ४० केंद्रांत, शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांच्या आत आणि पुन्हा ४० वा अधिक दिवसांनी दृष्टी मोजण्यात आली. केंद्रवार पाहता या दोन मोजण्यांत निकट सहसंबंध आढळला. प्रारंभी डोळ्यास सूज असल्याने एकेका रुग्णाविषयीचे अनुमान चुकू शकते. परंतु केंद्रांच्या तुलनेस सर्व रुग्णांची ही प्रारंभिक मोजणी उपयोगी पडते.

याच तत्त्वावर ‘बूस्ट’ हे मोबाईलवरील साधन रचलेले आहे. पहिल्या टप्प्यात ओळीने येणाऱ्या रुग्णांची प्रारंभिक दृष्टी नोंदविली जाते. दुसऱ्या टप्प्यात, काही आठवड्यांनंतरही ज्यांची दृष्टी मंद राहिली त्यांच्याबाबत कारण नोंदवावयाचे असते: डोळ्याचा अन्य विकार, शस्त्रक्रियेतील गुंतागुंत, की चष्म्याचा अभाव. कारणानुसार उपायही बदलतो. पहिल्यासाठी पूर्वतपासणी, दुसऱ्यासाठी शल्यकाचे प्रशिक्षण आणि तिसऱ्यासाठी भिंगाच्या क्रमांकाची अचूक मोजणी वा चष्म्याची सोय आवश्यक ठरते.

येथे एक धोका लक्षात ठेवावयास हवा. हे आकडे शल्यकास दोष देण्यासाठी वापरले गेले, तर कठीण रुग्ण नाकारून सोपे तेवढे निवडण्याचा मोह होईल. आणि ज्यांना उपचाराची गरज सर्वाधिक तेच वगळले जातील. म्हणून या नोंदींचा उपयोग आत्मपरीक्षणापुरता राहणे इष्ट होय. मोबाईल हे केवळ नोंदीचे साधन आहे. परत न येणाऱ्या रुग्णाचीही गणना व्हावी, हा त्यामागील विचारच महत्त्वाचा आहे.