शेजारची स्लाइड

कलेतिहासाच्या वर्गात दिवे मालवले की समोर दोन चित्रं उमटतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. ही रीत रुजवली हाइनरिश व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने. चित्र एकटं असलं की त्यात काय काय काढलंय एवढंच आपण पाहतो. शेजारी दुसरं आलं की डोळा कामाला लागतो. इथे आकृतीच्या कडा कातरल्यासारख्या स्पष्ट, तिथे त्याच कडा सावलीत विरघळलेल्या. म्हणून शिक्षकाची खरी निवड असते ती शेजारच्या स्लाइडची. तिथे काय लावलं, यावर विद्यार्थ्याला काय दिसणार हे ठरतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ‘कलेतिहासाची ओळख : रेनेसान्स ते आज’ हा अभ्यासक्रम अशाच जोड्यांवर उभा होता. व्हिन्सेंट स्कली या वास्तुकलेच्या इतिहासकारांच्या व्याख्यानांनी तो नावारूपाला आला. व्याख्यानाच्या जोडीला छोट्या गटांत चर्चा होई, आणि विद्यापीठाची संग्रहालयं हाकेच्या अंतरावर असल्याने मूळ कलाकृतीसमोरही उभं राहता येई. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रंगाचा थर, कॅनव्हासचा खरा आकार या गोष्टी पडद्यावर कळत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये विभागाने जाहीर केलं, की हा अभ्यासक्रम या रूपात शेवटचाच. ‘येलने पाश्चात्त्य कला मोडीत काढली’ अशी ओरड झाली. ती खरी नव्हती. विभागप्रमुख टिम बॅरिंजर यांचा मुद्दा साधा होता. नाव कलेतिहासाची ओळख, आणि आत मुख्यतः युरोप-अमेरिका! मग बाकीचं जग आपोआप पुरवणीत जातं. त्याऐवजी समान दर्जाचे अनेक प्रवेश-अभ्यासक्रम ठेवायचे. रेशीममार्गावरची कला, जगभरातली धार्मिक कला, उपयोजित कला, असे विषय त्यांत होते. दार एक होतं, तिथे चार-पाच करायची. मला हे पटतं. एका सत्रात सगळं जग मावत नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

हा शेवटचा अभ्यासक्रम चालू असतानाच मार्चमध्ये कोविडची महासाथ आली. वर्ग ऑनलाइन गेले, संग्रहालयांना कुलपं लागली. मूळ चित्रासमोर उभं राहणंच बंद झालं.

मग ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्याच ब्रिटिश कला केंद्राने एक चित्र भिंतीवरून उतरवलं. चित्र साधारण १७१९ सालचं, एलिहू येल यांचं. हे येल १६८७ ते १६९२ मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचे गव्हर्नर होते. १७१८ मध्ये त्यांनी तेव्हा कॉलेज असलेल्या या संस्थेला नऊ गासड्या माल आणि ४१७ पुस्तकं पाठवली. माल विकून पैसा उभा राहिला आणि कॉलेजला त्यांचं नाव लागलं. चित्रात टेबलाभोवती श्रीमंत पुरुष बसलेत, मागे मुलं खेळतायत, आणि उजव्या कडेला मद्य घेऊन एक कृष्णवर्णी मुलगा उभा आहे. गळ्यात चांदीचं कडं.

त्या जागी टायटस काफार या चित्रकाराचं २०१६ मधलं ‘इनफ अबाउट यू’ काही काळ टांगलं गेलं. काफार स्वतः येलमध्येच शिकलेले. त्यांनी तेच दृश्य रंगवलं आणि कॅनव्हास चुरगाळला. सगळे मान्यवर सुरकुत्यांत दिसेनासे झाले. सपाट राहिला फक्त त्या मुलाचा चेहरा, त्याला सोनेरी चौकट. गळा मोकळा, नजर थेट आपल्यावर. व्योल्फलिनचीच रीत, फक्त यातली दुसरी स्लाइड एका चित्रकाराने रंगवलेली.

ही जोडी मनात ठेवून जुन्या चित्राकडे परत जा. आधीच्या शीर्षकात पुरुषांची नावं होती आणि या मुलाचा उल्लेख नुसता ‘हुजऱ्या’ असा. आता तिथे ‘गुलाम बालक’ असं लिहिलं जातं. अभ्यासकांनी चित्र नव्याने तपासलं, मुलाचं वय दहाच्या आसपास असावं असा अंदाज बांधला. वाइन, रेशमी कोट, खेळणारी मुलं हे सगळं पाहून झाल्यावर नजर उजव्या कडेला नेली की कड्याला अडकवलेलं छोटंसं कुलूप दिसतं.