मैत्री केंद्रावर मध्यरात्री ऊन. मग पृथ्वी चपटी कशी?

नांदेड/लातूर : पृथ्वी भाकरीसारखी चपटी आहे, असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर अधूनमधून फिरतात. डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या लातूर पॅटर्नच्या भागातही ते फॉरवर्ड होतात, हे विशेष. रानात उभं राहिलं की चहूकडं जमीन सपाटच दिसते, त्यामुळं बोलणं पटतंही.

त्यांचा नकाशा असा : भाकरीच्या मधोमध उत्तर ध्रुव, काठाला सगळीकडून अंटार्क्टिकाचा बर्फ, वर गोल फिरणारा छोटा सूर्य. तो लांब गेला की रात्र.

अंटार्क्टिकावर भारताचं 'मैत्री' हे केंद्र १९८९ पासून आहे. बाराही महिने तिथं आपली माणसं असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथं सूर्य मावळतच नाही. घाण्याच्या बैलासारखा चौफेर फिरत राहतो.

मैत्रीवर मध्यरात्र होते, तेव्हा नांदेडात पहाटेचे साधारण पावणेपाच वाजलेले असतात. डिसेंबरात त्या वेळी आपल्याकडं गुडूप अंधार. भाकरीच्या नकाशावर तेव्हा सूर्य मैत्रीच्या बरोबर समोरच्या बाजूला, म्हणजे मैत्रीपासून लांब आणि नांदेडला त्यामानानं जवळ. मग जवळच्याला अंधार आणि लांबच्याला ऊन कसं?

शिवाय तो उजेड मैत्रीला पोचायचा तर मधल्या उत्तर ध्रुवावरूनच जाणार. तिथं तर तेव्हा काळोख असतो. उत्तर ध्रुवाजवळ, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथं भारताची पहिली हिवाळी मोहीम गेली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचे संशोधकही तीत होते. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवत नाही. एकाच महिन्यात आपलीच माणसं एकीकडं अंधारात, दुसरीकडं रात्रीच्या उन्हात!

आणखी एक. मैत्रीवरून मध्यरात्रीचा सूर्य दक्षिणेला दिसतो. भाकरीच्या हिशेबानं त्या बाजूला काठाबाहेर काहीच नाही.

घरी एक मोसंबी घ्या. अंधाऱ्या खोलीत समोर बॅटरी लावा, देठाची बाजू बॅटरीपासून थोडी मागं कलवा आणि त्याच कलात मोसंबी जागेवर फिरवा. देठ अंधारातच राहतो, बुडाला सतत उजेड. हा झाला डिसेंबर. पृथ्वी अशीच साडेतेवीस अंशांनी कललेली आहे. जूनमध्ये उलटं होतं : हिमाद्रीवर रात्री ऊन, मैत्रीवर अंधार.

आपण मधल्या पट्ट्यात, म्हणून आपल्याकडं फरक थोडा. डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा, जूनमध्ये १३ तासांच्या थोडा वर. हरभऱ्याला पाणी देता देता दिवस लवकर बुडतो, तो याच कलण्यामुळं.