नवी गाडी पहिल्यांदा कोणी घ्यायची? कर्ज मागण्याआधी हा हिशोब करा

मैत्रिणींनो, हल्ली बचत गटाच्या बैठकीत एक मागणी वारंवार येते. "ताई, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे, गटातून कर्ज मिळेल का?" कुणाला आगाशीची भाजी विरारच्या बाजारात न्यायची असते, कुणाला नालासोपाऱ्यात डबे पोहोचवायचे असतात. पेट्रोल वाचणार हे खरंच आहे. पण गाडीची किंमत ऐकली की गटात दोन मतं पडतात. एक म्हणते, "आत्ताच घेऊ." दुसरी म्हणते, "थांबू, स्वस्त होईल." दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. कसं ते पाहू.

नवी वस्तू आधी महाग का असते?

आपल्याच घरातली दोन उदाहरणं घ्या. भारतात मोबाईल आला 1995 साली. तेव्हा एका मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. आज भाजीच्या टोपलीशेजारी फोन असतोच. दुसरं उदाहरण एलईडी बल्बचं. दहा-बारा वर्षांपूर्वी एक बल्ब तीनशे-साडेतीनशे रुपयांना पडायचा. 2015 मध्ये सरकारची उजाला योजना आली, एकदम कोट्यवधी बल्बची खरेदी झाली आणि तोच बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांवर आला.

कारण साधं आहे. आपण पापड लाटतो तेव्हा पहिल्या पाच किलोला साचा, पोळपाट, पिशव्या, सगळ्याचा खर्च बसतो. पाचशे किलो केले की तोच खर्च वाटला जातो. कारखान्याचंही तसंच. शोध लावण्याचा, यंत्रं बसवण्याचा खर्च आधी घेणाऱ्यांच्या खिशातून निघतो.

इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग भाग म्हणजे बॅटरी. बॅटरीची ताकद किलोवॅट-तासात मोजतात. 2010 साली जगात एका किलोवॅट-तासाच्या बॅटरीला हजार डॉलरहून जास्त पडायचे. 2024 मध्ये तो आकडा 115 डॉलरच्या आसपास आला. म्हणून गाड्याही उतरल्या. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये जवळपास 14 लाखांपासून सुरू झाली. 2022 मध्ये टियागो ईव्ही साडेआठ लाखांच्या आत आली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने तिची सुरुवातीची किंमत आठ लाखांच्या खाली आणली. आता विचार करा, ज्याने जानेवारीत गाडी घेतली त्याला काय वाटलं असेल!

मग थांबलेलंच बरं का?

नेहमीच नाही. जून 2023 मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रिक दुचाकीचं अनुदान कमी केलं. आधी गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळे, ते 15 टक्क्यांपर्यंत आणलं. तेव्हा जी थांबली होती तिला गाडी हजारो रुपयांनी महाग पडली. म्हणजे भाव उतरण्याची वाट बघताना अनुदानही उतरू शकतं. म्हणून "स्वस्त कधी होईल" हे विचारण्यापेक्षा "माझ्या धंद्याला आज परवडते का" हे विचारा.

आपला हिशोब

समजा इलेक्ट्रिक स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा 30 हजारांनी महाग आहे.

रोज 30 किलोमीटर फिरणारी: पेट्रोलला साधारण 70 रुपये लागतात. विजेला एक युनिटच्या आसपास, म्हणजे दहा रुपये धरा. रोजचे 60 वाचले. महिन्याला 25 दिवस धरले तर 1500 रुपये. जादा दिलेले 30 हजार 20 महिन्यांत वसूल.

रोज 6 किलोमीटर फिरणारी: महिन्याला वाचतात फक्त 300 रुपये. तेच 30 हजार वसूल व्हायला 100 महिने, म्हणजे आठ वर्षांहून जास्त! तोवर बॅटरीची वॉरंटी संपलेली असेल.

यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही. तेही मिळवा. पहिलीला कर्ज द्यायला हरकत नाही. दुसरीने साधी गाडी घ्यावी किंवा थांबावं.

आपल्या भागातल्या अडचणी

चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर चार्जिंग कुठे करणार? मालक तळमजल्यावर सॉकेट बसवू देईल का? तिथे अर्थिंग नीट आहे का? जुलै 2018 चा पाऊस आठवा. वसई-विरार पाण्यात होतं, लोकल बंद होत्या, वीज गेली होती. पाणी साचणाऱ्या गल्लीत गाडी उभी राहणार असेल तर आधी उंच जागा शोधा. आणि दुरुस्ती करणारा जवळ आहे का, की प्रत्येक वेळी ठाण्याला जावं लागेल?

कर्जाआधी बैठकीत विचारायचे प्रश्न

1. रोज किती किलोमीटर चालवणार? आठवडाभर वहीत लिहून आणा.
2. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची? कागदावर दाखवा.
3. वॉरंटीनंतर नवी बॅटरी कितीला? दुकानदाराकडून लेखी घ्या.
4. सर्व्हिस सेंटर किती लांब?
5. आज कोणतं अनुदान चालू आहे? ते बिलात वजा झालंय का?

तीनचाकी घेणाऱ्या बहिणींनी राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेचीही चौकशी करावी. त्यात 20 टक्के सरकार, 10 टक्के महिला आणि 70 टक्के बँकेचं कर्ज अशी वाटणी आहे. आपलं गाव किंवा शहर सध्याच्या यादीत आहे का, ते महिला व बालविकास कार्यालयात विचारून घ्या.

शेवटी एवढंच. कुणीतरी आधी घेतं म्हणून वस्तू पुढे स्वस्त होते, त्यांचे आभारच. पण आधी घेण्याची हौस ज्याच्याकडे जादा पैसा आहे त्याने करावी. गटाचा पैसा दहाजणींच्या घामाचा आहे. तो हिशोब जुळल्यावरच बाहेर पडू दे.