विश्लेषण : शिडाच्या नौका मेक्सिकोच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने मुक्काम का ठोकतात?

अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून दर हिवाळ्याच्या तोंडावर अनेक शिडाच्या नौका मेक्सिकोकडे निघतात. त्यांवर बहुधा एखादे निवृत्त जोडपे किंवा नोकरीतून वर्षभराची सुट्टी घेतलेले कुटुंब असते. काही आठवड्यांसाठी आलेल्या यातील कित्येक नौका एक-दोन मोसम, तर काही वर्षानुवर्षे तिथेच राहतात. किनाऱ्याच्या सौंदर्यापेक्षाही वारा, वादळे, व्हिसा आणि विमा यांचे गणित त्यामागे अधिक असते.

जाणे सोपे, परतणे अवघड का?

पूर्व प्रशांत महासागरात चक्रीवादळांचा मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. त्यामुळे मोसम ओसरू लागला की, म्हणजे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये, नौका सॅन दिएगोहून निघतात. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या टोकावरील काबो सान लुकासपर्यंतचे अंतर सुमारे ७५० सागरी मैल, म्हणजे जवळपास १,४०० किलोमीटर आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘बाहा हा-हा’ या सामूहिक सागरी सफरीने हा मार्ग लोकप्रिय केला. या किनाऱ्यावर वारा प्रामुख्याने वायव्येकडून येतो आणि सागरी प्रवाहही दक्षिणेकडे वाहतो. साहजिकच जाताना दोन्ही पाठीशी असतात, परतताना मात्र दोन्ही तोंडावर. लाटांवर आदळत, बराचसा वेळ इंजिनाच्या जोरावर करावा लागणारा हा परतीचा प्रवास ‘बाहा बॅश’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. तो टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आहे तिथेच थांबणे.

मुक्काम कुठे असतो?

कॅलिफोर्नियाच्या आखातातील ला पाझ हे नौकानयनपटूंचे जुने ठिकाण. मुख्य भूमीवर माझात्लान, पुएर्तो वायार्ताजवळचे ला क्रूझ, बारा दे नाविदाद आणि सिवातानेहो ही गावे हिवाळ्यात नौकांनी गजबजतात. ज्यांना परवडते ते मरिनात धक्क्याला नौका बांधतात. बाकीचे उपसागरात नांगर टाकून राहतात आणि छोट्या रबरी होडीतून किनाऱ्यावर ये-जा करतात. सकाळी ठरलेल्या वेळी व्हीएचएफ रेडिओवर सगळे एकत्र येतात. हवामानाचा अंदाज, सुट्या भागांची चौकशी, कुणाला डॉक्टर हवा असेल तर त्याची माहिती, सारे तिथेच मिळते. नवख्यांना हे शेजार सोडवत नाही, हेही मुक्काम लांबण्याचे एक कारण.

हिवाळ्यातही समुद्र नेहमी शांत नसतो. अमेरिकेच्या अंतर्भागात हवेचा दाब वाढला की आखातात उत्तरेचे जोरदार वारे अनेक दिवस वाहतात. ला पाझमध्ये तर भरती-ओहोटीचा प्रवाह एकीकडे आणि वारा दुसरीकडे, अशा ओढाताणीत नांगरलेल्या नौका वेगवेगळ्या दिशांना फिरतात. त्याला गमतीने ‘ला पाझ वॉल्ट्झ’ म्हणतात. नांगर टाकताना शेजारच्या नौकेपासून पुरेसे अंतर ठेवले नाही, तर मात्र ही गंमत महागात पडते.

कागदपत्रांचे नियम काय आहेत?

माणसांसाठी आणि नौकेसाठी वेगवेगळे नियम आहेत. पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. परदेशी नौकेला मात्र तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो आणि तो १० वर्षांचा मिळतो. म्हणजेच मालक मायदेशी जाऊन आला, तरी नौका कायदेशीररीत्या तिथेच राहू शकते. लांबलेल्या मुक्कामाचे हे मोठे रहस्य आहे. हा परवाना नौका देशाबाहेर गेल्यावर रद्द करून घ्यावा लागतो. तसे न करताच ती विकली, तर नव्या मालकाला दुसरा परवाना मिळताना अडचण येते. जुनी नौका घेणारे जाणकार म्हणूनच या कागदाची आधी चौकशी करतात.

उन्हाळ्यात नौकांचे काय होते?

मे उजाडला की खरा निर्णय घ्यावा लागतो. अनेक विमा कंपन्या वादळांच्या मोसमात नौका ठरावीक अक्षांशाच्या उत्तरेला असावी, अशी अट घालतात. त्यामुळे बऱ्याच नौका आखातात वर सरकतात. ग्वायमास, सान कार्लोस किंवा पुएर्तो पेन्यास्को येथील यार्डांत त्या पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभ्या केल्या जातात. शिडे उतरवली जातात आणि मालक रस्त्यानेच अमेरिकेची सीमा गाठतात. जे नौकेवरच राहतात, त्यांना भाजून काढणारा उकाडा आणि ‘चुबास्को’ नावाची अचानक उठणारी वादळे सोसावी लागतात.

ही खबरदारी अनाठायी नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘ओडिल’ या चक्रीवादळाने बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला तडाखा दिला. ला पाझमध्ये अनेक नौका बुडाल्या किंवा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. नांगरलेल्या नौकांवर थांबलेल्या काहींना प्राण गमवावे लागले.

गावांना काय मिळते?

दीर्घ मुक्कामाचा पाहुणा हॉटेलातल्या पर्यटकासारखा नसतो. तो बाजारातून भाजी आणि मासळी घेतो, लाँड्रीत कपडे टाकतो, डिझेल मेकॅनिक, वेल्डर, सुतार आणि शिडे शिवणारे कारागीर यांना काम देतो. खाऱ्या पाण्यात नौकेचे काही ना काही बिघडत असतेच, त्यामुळे हे काम संपत नाही. सिवातानेहोमध्ये ‘सेलफेस्ट’ या उपक्रमातून नौकानयनपटू स्थानिक शाळांसाठी निधीही उभारतात. दुसरी बाजू पर्यावरणाची. कॅलिफोर्नियाच्या आखातातील बेटे आणि संरक्षित क्षेत्रे २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे नांगर कुठे टाकायचा आणि सांडपाणी कुठे सोडायचे, याची जबाबदारी पाहुण्यांवर येते.

पुढे जाणाऱ्यांचे काय?

काही नौका मेक्सिकोतून थेट फ्रेंच पॉलिनेशियातील मार्केसास बेटांकडे जातात. हा सुमारे २,७०० सागरी मैलांचा, साधारण तीन ते चार आठवड्यांचा प्रवास आहे. दक्षिण प्रशांत महासागरातील वादळी मोसम एप्रिलपर्यंत असल्याने त्या मार्च-एप्रिलपर्यंत वाट पाहतात आणि मेक्सिकोतील मोसम सुरू होण्याआधी निघतात. दोन गोलार्धांतील वादळांच्या मधली ही फट हुकली, तर आणखी एक वर्ष मुक्काम वाढतो.

‘ओटिस’ने काय शिकवले?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ओटिस’ने या वेळापत्रकावरील विश्वासाला धक्का दिला. साध्या उष्णकटिबंधीय वादळापासून पाचव्या श्रेणीपर्यंतचा प्रवास त्याने जेमतेम एका दिवसात केला आणि २५ ऑक्टोबरच्या पहाटे ते अकापुल्कोवर धडकले. मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावर पाचव्या श्रेणीच्या तीव्रतेने धडकल्याची नोंद झालेले हे पहिलेच वादळ. बंदरातील शेकडो होड्या बुडाल्या किंवा फुटल्या. मोसम संपायला जेमतेम पाच आठवडे उरले होते. समुद्राच्या उष्ण पाण्यावर वादळे इतक्या झपाट्याने बळावणार असतील, तर इशारा मिळाल्यावर हालचाल करू, हा हिशेब चालणार नाही. मोसम सुरू होण्याआधीच नौका सुरक्षित जागी नेणे आणि तो पूर्ण संपेपर्यंत तिथून न हलवणे, एवढाच पर्याय उरतो.