शेजारी देश युनियनमधून बाहेर पडला, मग माणसांच्या हक्कांचं काय?

आजचा भाग मानखुर्दमधून. इथून पनवेलकडची लोकल पकडली की खाडीपूल ओलांडून पुढचं स्टेशन वाशी. जिल्हा बदलतो, पण कोणी कागद विचारत नाही. पलीकडे नोकरी करा, खोली घ्या, परवानगी नको. आता समजा, उद्यापासून वाशीला जायला व्हिसा लागला तर? आधीच तिकडे संसार थाटलेल्यांनी काय करायचं?

हे खरंच घडलंय. युरोपियन युनियनच्या देशांत अशीच मोकळीक आहे. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन तिच्यातून बाहेर पडलं आणि या भानगडीत आपले गोवेकरही सापडले.

ते कसे? गोवा डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल युनियनमध्ये आहे, म्हणून तो पासपोर्ट घेऊन कितीतरी गोवेकर लंडनच्या साउथॉलला, स्विंडनला कामाला गेले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागला. एवढी किंमत मोजून हक्क मिळवला, आणि राहता देशच युनियनमधून बाहेर!

मग त्यांना वाचवलं कशानं? ब्रिटन आणि युनियनमधल्या माघारीच्या करारानं. त्यात एक तारीख ठरली : ३१ डिसेंबर २०२०. तोपर्यंत जे ब्रिटनमध्ये राहत होते त्यांचा राहण्याचा, काम करण्याचा हक्क टिकला. पण आपोआप नाही! ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. सलग पाच वर्षं राहिलेल्यांना कायमचा 'सेटल्ड' दर्जा, त्याहून कमी असेल तर 'प्री-सेटल्ड'. मुलांचा अर्जही वेगळा.

समजा, दोन भाऊ आहेत. थोरला नोव्हेंबर २०२० मध्ये राहायला गेला, धाकटा मार्च २०२१ मध्ये निघाला. पासपोर्ट दोघांचा एकच, पण थोरल्याचा हक्क शाबूत आणि धाकट्याला इतर परदेशी माणसांसारखा कामाचा व्हिसा काढणं भाग!

आयरिश लोकांना मात्र हा अर्ज करावाच लागला नाही. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात 'कॉमन ट्रॅव्हल एरिया' ही व्यवस्था युनियनच्याही आधीपासून आहे. मे २०१९ मध्ये दोन्ही सरकारांनी ती पुन्हा कागदावर आणली. म्हणजे शेजाऱ्यांचा आपसातला जुना समझोता कामी आला.

आता मोबाईलवाल्यांसाठी महत्त्वाचं. हा दर्जा ऑनलाइन असतो. घरमालकानं किंवा कंपनीनं पुरावा मागितला की वेबसाइटवरून कोड काढून द्यायचा. नंबर, ईमेल किंवा पासपोर्ट बदलला आणि खात्यात नोंदवला नाही, तर हक्क असूनही तो दाखवताना अडचण येते.

डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं एक दिलासा दिला : 'प्री-सेटल्ड' माणसानं केवळ पुन्हा अर्ज केला नाही म्हणून त्याचा राहण्याचा हक्क संपत नाही.

थोडक्यात काय, देश बाहेर पडतो तेव्हा आधीपासून राहणाऱ्यांचे हक्क वाचवता येतात, पण त्यासाठी करार, तारीख आणि पुरावा तिन्ही लागतात. तुमचं कोणी तिकडे असेल तर आजच मेसेज टाका : "नवा पासपोर्ट खात्यात जोडलास का?"

भेटू पुढच्या भागात!