समुद्राला धुरा नाही

अमरावतीच्या राजापेठेत उभे राहून समुद्राचा विचार करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. येथून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. कपाशी, तूर आणि संत्रे पिकविणाऱ्या या प्रदेशात भरती-ओहोटी प्रत्यक्ष पाहिलेली मुले थोडीच. परंतु अमरावतीत पडलेला पाऊस अमरावतीत राहत नाही. अंबानाल्याचे पाणी पेढी नदीला मिळते, पेढी पूर्णेला आणि पूर्णा तापीला मिळते; तापी सुरतेच्या पुढे समुद्रात शिरते. नाल्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवीही तोच मार्ग धरते.

समुद्राशी आपला आणखी एक संबंध आहे, तो कायद्याचा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियम करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळास आहे. विधानसभेच्या 288 जागांपैकी 62 जागा विदर्भाच्या आहेत. 2023 साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला, तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्याचे मंत्री चंद्रपूरकडचे होते. म्हणजे समुद्राचे काय करावयाचे हे ठरविणाऱ्यांत समुद्रापासून दूर राहणारे पुष्कळ असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्रातील मासळी घटत आहे, हे मच्छीमारांना ठाऊक आहे, अधिकाऱ्यांना आणि शास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. पावसाळ्यात अनेक जातींची मासळी अंडी घालते. म्हणून 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कोळी लोक तर फार पूर्वीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आले आहेत. तेव्हा ज्ञानाची उणीव ही येथील खरी अडचण नव्हे.

खरी अडचण अशी की, शेताला धुरा असतो, समुद्राला नसतो. आपल्या शेतातील हरभरा कोवळा असताना शेतकरी तो उपटीत नाही. कारण पिकल्यावर तो आपल्याच घरी येणार, याची त्याला खात्री असते. मच्छीमाराला ही खात्री कोण देणार? त्याने आज सोडलेले लहान पापलेट उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात सापडेल. त्यामुळे संयम पाळणारा तोट्यात जातो आणि घाई करणारा नफ्यात राहतो. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची ही मर्यादा साडेतेरा सेंटीमीटर आहे. नियम चांगला आहे. पण तळहाताएवढे पापलेट विकत घेणारे गिऱ्हाईक जोवर बाजारात उभे आहे, तोवर तो पाळविणे सोपे नाही.

याच्या जोडीला मच्छीमारांतील आपसांतला झगडा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात रापण नावाची जुनी पद्धत आहे. लांबलचक जाळे होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची आणि सापडलेल्या मासळीचे वाटे करावयाचे, अशी ती रीत. उलट पर्ससीन जाळे मासळीच्या संपूर्ण थव्याला वेढा घालते आणि पिशवीची नाडी आवळावी तसे खालून आवळले जाते. भांडवलवाल्याच्या यांत्रिक नौकेने खोल पाण्यातच थवा उचलला, तर रापणकऱ्यांच्या हाती काय लागणार? आणि गंमत अशी की, दोन्ही पक्ष एकाच किनाऱ्यावरचे, पुष्कळदा एकाच गावचे. दोघांनाही मत आहे. कोणालाच दुखवू नये असे लोकप्रतिनिधीला वाटले, तर तो निर्णय लांबणीवर टाकतो.

कायदा नाही असे मात्र नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा आहे. 5 फेब्रुवारी 2016 रोजी शासनाने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध घातले आणि 2021 साली दंडाची रक्कम पुष्कळ वाढविली. तथापि राज्याचा अधिकार 12 मैलांशी संपतो व तेथून पुढे केंद्राचा सुरू होतो. पाण्यावर रेघ ओढलेली नसते. बंदरात उतरविलेली मासळी रेघेच्या अलीकडची की पलीकडची, हे टोपलीकडे पाहून कोण सांगणार? शेजारच्या राज्यांतील नौकाही येतात. गस्त घालावी तर किनारा 720 किलोमीटरांहून लांब! जानेवारी 2025 पासून ड्रोनने टेहळणी सुरू झाली आहे. ड्रोन नौका दाखवू शकतो. तिला अडवावयाचे की नाही, हे माणसांनाच ठरवावे लागते.

मालवणचे उदाहरण येथे आठवते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रात प्रवाळ आहेत, नाना जातींचे मासे आहेत. 1987 साली तेथील सुमारे 29 चौरस किलोमीटरांचा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हेतू उत्तम होता. परंतु ज्या पाण्यात आपले आजे-पणजे जाळी टाकीत आले, तेथून आपल्याला हुसकावून लावतील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ही भीती अगदीच निराधार होती, असे मला म्हणवत नाही. घर ज्या धंद्यावर चालते तो धंदाच जाईल असे वाटत असता प्रवाळांची थोरवी कोणी कितीही वर्णिली, तरी ती कानांवरून निघून जाते. विरोधामुळे अभयारण्य पुष्कळसे कागदावरच राहिले.

याउलट डिसेंबर 2018 मध्ये राज्याने एक लहानशी योजना सुरू केली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला, तर त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे महाग असते आणि ते दुरुस्त होईपर्यंतचे दिवसही बुडतात. पूर्वी हा भुर्दंड एकट्या मच्छीमाराने सोसावा अशीच अपेक्षा होती. या योजनेत त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. प्राणी सोडल्याचे छायाचित्र तेवढे दाखवावे लागते. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या कित्येक मच्छीमारांनी आपली जाळी स्वतःच्या हाताने कापून कासवांना समुद्रात परत सोडले आहे.