गाळा सोडून शेतात वर्कशॉप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उधना–जळगाव रेल्वेमार्गाने खानदेश सुरतेला जोडला गेला, आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या पट्ट्यातली असंख्य कुटुंबं कामासाठी उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत येऊन स्थिरावली. कोणी लूम्सवर हात बसवला, कोणी वेल्डिंग-फॅब्रिकेशन शिकलं. भाड्याच्या गाळ्यात काही वर्षं काढली की अनेकांच्या मनात एक विचार पक्का होतो : गावी वडिलोपार्जित शेत आहे, तिथे घरापासून थोडं लांब स्वतःचं वर्कशॉप उभारावं. विचार चांगला आहे आणि खेड्यांना त्याची गरजही आहे. पण नियोजन जवळपास नेहमी ‘शेड किती बाय किती?’ या प्रश्नापासून सुरू होतं आणि तिथेच चुकतं. उधन्याच्या गाळ्यात रस्ता, वीज, गटार, पाया, जमिनीचा औद्योगिक वापर या सगळ्याची सोय आधीच कोणीतरी केलेली असते. भाडेकरूला दिसतात त्या चार भिंती, पत्रा आणि शटर. त्यामुळे ‘शेड म्हणजे कारखाना’ हे समीकरण डोक्यात बसतं. शेतात क्रम उलटा असतो : आधी कागद, मग वीज, मग माती, मग यंत्रांची मांडणी आणि शेवटी शेड. पुढचे बहुतेक गैरसमज हा क्रम चुकल्यातून आलेले आहेत.

गैरसमज : शेत आपलं आहे, सरपंचांचा दाखला पुरे

सात-बाऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी. त्या जमिनीवर काय करता येईल, हा वेगळा प्रश्न आहे. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि त्या भागाची विकास योजना ठरवते. उद्योगासाठी नियम सैल झाले आहेत, हे खरं. संहितेच्या कलम 44-अ प्रमाणे, जमीन विकास योजनेतल्या योग्य विभागात (झोनमध्ये) असेल तर खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी आधी बिनशेती परवानगी घ्यावी लागत नाही. पण वापर सुरू केल्यावर 30 दिवसांत तहसीलदारांना कळवावं लागतं आणि बांधकामाचे नियम पाळावेच लागतात. सुरत जिल्ह्यातल्या जमिनीला गुजरातचा महसूल कायदा लागू होतो, म्हणून एका राज्यात ऐकलेला सल्ला दुसऱ्या राज्यात वापरू नये. ग्रामपंचायतीचा दाखला उपयोगी असतो, पण जमिनीचा वापर बदलण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणीही अनेकांना परवाना वाटते. ती उद्योगाची ओळख आहे. तिने बांधकाम कायदेशीर होत नाही. यावर हमखास आक्षेप येतो की गावात कितीतरी शेड परवानगीशिवाय उभ्या आहेत आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते पुढे : बँकेचं कर्ज, सरकारी अनुदान, औद्योगिक वीजजोडणी, विमा या प्रत्येक टप्प्यावर कागद मागितले जातात. कागद नसलेलं वर्कशॉप चालतं, पण वाढत नाही.

गैरसमज : विहिरीवर थ्री-फेज आहेच, तिथूनच वायर ओढू

शेतीपंपाची जोडणी सवलतीच्या दरात फक्त पाण्यासाठी मिळते. मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरणं हा वीज कायदा, 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर आहे, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. वापर कधी सुरू झाला हे ठरवता आलं नाही, तर मागच्या 12 महिन्यांचा हिशेब लावला जातो. कायद्याचा भाग सोडला तरी ही वीज कामाला पुरत नाही. गुजरातने 2003 पासून ज्योतिग्राम योजनेत गावाची आणि शेतीची वीजवाहिनी वेगळी केली. महाराष्ट्रातही बऱ्याच ठिकाणी अशी विभागणी झाली आहे. गावाच्या वाहिनीवर वीज दिवसभर असते, शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज ठरावीक तास आणि पाळीपाळीने मिळते. म्हणून जागा निवडताना ‘शेताचा कुठला कोपरा रिकामा आहे’ याआधी ‘गावाची वाहिनी कुठवर आली आहे’ हे पाहावं लागतं. अंतराचीही किंमत मोजावी लागते. 230 व्होल्टवर 30 अँपिअर घेणारं वेल्डिंग मशीन 60 मीटर लांब, 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर चालवलं, तर साधारण 27 व्होल्ट वाटेतच जातात. 6 चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर हे नुकसान 11 व्होल्टवर येतं. खेड्यात व्होल्टेज मुळातच कमी असतं. त्यात 27 व्होल्टची घट झाली की जोड कच्चा राहतो, आणि दोष कारागिराच्या हाताला दिला जातो.

गैरसमज : पत्र्याची शेड हलकी, तिला पाया कशाला

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. तापीच्या खोऱ्यात मोठ्या भागावर काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि ही हालचाल साधारण 3.5 मीटर खोलीपर्यंत जाणवू शकते. जड इमारत आपल्या वजनाने हा फुगवटा काही प्रमाणात दाबून धरते. हलकी शेड ते करू शकत नाही, म्हणून काळ्या मातीत हलक्या बांधकामालाच जास्त धोका असतो. वरून वारा वेगळाच जोर लावतो. भारतीय मानकात सुरतेसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. सोप्या हिशेबाने याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 118 किलो वजनाइतका होतो, तर पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असतं. प्रत्यक्ष जोर शेडची उंची, उतार आणि उघडी दारं यांवर ठरतो, पण पत्रा वजनाने जागेवर राहत नाही हे यावरून स्पष्ट व्हावं. कैची खांबाला, खांब पायाला आणि पाया जमिनीला घट्ट बांधलेला असावा लागतो. उपाय जुने आणि सिद्ध आहेत. मुरूम किंवा खडक जवळ असेल तर पाया तिथपर्यंत न्यावा. काळ्या मातीचा थर खोल असेल तर तळाशी फुगीर केलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यावेत. फरशीखाली न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा दाबून बसवलेला थर द्यावा. या थराचं तंत्र आय. आय. टी. मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केलं आणि कालव्यांच्या कामांत ते वापरलं गेलं. शेडभोवती बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करावा, पन्हळीचं पाणी लांब सोडावं, शोषखड्डा जवळ घेऊ नये. ‘एवढा खर्च पायातच?’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण पत्रा बदलता येतो, भिंत पुन्हा बांधता येते. यंत्रांखाली उचललेली फरशी दुरुस्त करायची तर काम बंद ठेवावं लागतं.

गैरसमज : घरापासून लांब आहे, आवाजाचा त्रास नाही

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. ग्राइंडरचा आवाज एक मीटरवर 100 डेसिबल धरला, तर 8 मीटरवर 82, 32 मीटरवर 70 आणि 64 मीटरवरही 64 डेसिबल उरतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 आहे. म्हणजे केवळ अंतराने प्रश्न सुटत नाही, दिशा आणि भिंत यांनी सुटतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात या भागात वारा प्रामुख्याने पश्चिम-नैऋत्येकडून येतो. म्हणून घर पश्चिमेला आणि वर्कशॉप त्याच्या पूर्वेला ठेवलं, तर धूर आणि धूळ बहुतेक काळ घरापासून दूर जाते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून घराकडची, म्हणजे पश्चिमेची, आखूड भिंत नऊ इंची विटेची आणि बिनखिडकीची बांधावी. ही एकच भिंत आवाज अडवते, दुपारचं ऊन अडवते आणि झोडपणारा पाऊसही अडवते. मोठं दार पूर्वेला, खिडक्या उत्तर-दक्षिणेला, दक्षिणेला रुंद छज्जा. उष्णतेबद्दलही असाच समज आहे की छप्पर उंच केलं की गारवा येतो. तापलेला पत्रा उंचीवरूनही उष्णता खाली फेकत राहतो. वरून पांढरा परावर्तक लेप, आढ्याजवळ गरम हवेला वाट आणि खालून हवेला आत यायला झरोके, या तिन्ही गोष्टी असतील तरच उंचीचा उपयोग होतो.

गैरसमज : जागा भरपूर आहे, शेड मोठी बांधू

काम चौरस फुटांवर चालत नाही, मालाच्या वाटेवर चालतं. बाजारात पाइप साधारण 6 मीटर लांबीचा मिळतो. तो कटरवर कुठेही कापता यायचा असेल तर कटरच्या दोन्ही बाजूंना 6-6 मीटर, म्हणजे सरळ रेषेत 12 मीटर जागा हवी. समोरासमोर दोन दारं ठेवली तर हीच लांबी लहान शेडमध्येही मिळते, कारण पाइपाचं टोक दाराबाहेर जाऊ शकतं. चुकीच्या जागी दार असलेली मोठी शेड या कामाला कमी पडते. म्हणून यंत्रं कागदावर मोजमापाने मांडावीत, माल आत कुठून येतो, कुठे कापला जातो, जोडला जातो, रंगवला जातो आणि टेंपोत कुठे चढतो ही वाट आखावी, रंगाची जागा ठिणगीपासून वेगळी ठेवावी आणि त्या वाटेभोवती भिंती बसवाव्यात. पैसे कमी असतील तर शेड लहान करावी, पण पाया, केबल आणि कागद कमी करू नयेत. पुढे वाढवायची सोय एका बाजूला मोकळी ठेवली की पुरे.

उधन्याच्या गाळ्यात मिळवलेलं कसब गावात नेणाऱ्यांनी एवढं नक्की करावं : पत्र्याचा भाव विचारण्याआधी नगररचना कार्यालयात जमिनीचा विभाग तपासावा, वीज कंपनीकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज करून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि जागेवर खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावं. या तीन गोष्टींची उत्तरं हातात आल्याशिवाय शेडचा सौदा करू नये.